दुसऱ्याचा मान

गेल्या वैशाखातील गोष्ट. आमच्या धाकट्या बंधूंचा बारा वर्षांचा नातू शाळेतून निकालपत्र घेऊन आला. त्याने आधी देवापुढे आणि मग घरातील वडीलधाऱ्या मंडळींपुढे वाकून नमस्कार केला आणि निकालपत्र आमच्या हाती दिले. वर्गात दुसरा क्रमांक होता. गुण उत्तम होते, अक्षर सुधारले असल्याचा शेरा होता, एकही दिवस गैरहजेरी नव्हती. हे सारे आम्ही नीट वाचले, आणि आमच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा: "पहिला कोण आला रे?"

मुलाचा चेहरा एकदम उतरला. तो काही बोलला नाही. माजघरातून वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "भावोजी, आधी पेढा तरी त्याच्या हातावर ठेवायचा होता."

या प्रश्नाची रुखरुख आम्हांस पुष्कळ दिवस लागून राहिली. प्रश्न विचारण्यात आमचा हेतू वाईट नव्हता. परंतु हेतू चांगला असला म्हणजे घाव बसत नाही असे थोडेच आहे? अशा मनःस्थितीत आम्हांस एका माणसाची आठवण झाली. तो परदेशी, सायकलींच्या शर्यतींवर पोट भरणारा, शेतकऱ्याचा मुलगा. विद्वानांच्या पंक्तीत त्याचे पान कधी मांडले गेले नसते. पण दुसरा क्रमांक म्हणजे काय, हे त्याच्याइतके पूर्णपणे क्वचितच कोणी अनुभवले असेल. त्याचे नाव रेमों पुलिदोर. या महिन्यात वाचकांस त्याचीच कथा सांगावी असे योजिले आहे.

प्रथम त्या शर्यतीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. 'टूर द फ्रान्स' ही शर्यत १९०३ साली पॅरिसच्या 'लोतो' नामक क्रीडापत्राने सुरू केली. हेतू निव्वळ व्यावहारिक होता. पत्राचा खप वाढावा एवढाच. सुमारे तीन आठवडे सायकलपटू रोज एकेक टप्पा तोडीत देशभर फिरतात. मैदाने ओलांडतात, आल्प्स आणि पिरेनीज या पर्वतांचे घाट चढतात. रोजचा वेळ मोजून त्याची बेरीज ठेवतात, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो आघाडीवर. 'लोतो' पत्र पिवळ्या कागदावर छापले जाई. म्हणून १९१९ पासून आघाडीवरच्या सायकलपटूने पिवळी जर्सी घालावी असा प्रघात पडला. ही जर्सी एक दिवस जरी अंगावर चढली, तरी त्या सायकलपटूचे नाव गावच्या इतिहासात लागते. एखाद्याने मध्येच चार दिवस ती घातली आणि पुढे तो मागे पडला, तरी तो मान कोणी काढून घेत नाही.

पुलिदोरने ही शर्यत चौदा वेळा आरंभिली आणि बारा वेळा शेवटास नेली. तो तीन वेळा दुसरा आला: १९६४, १९६५ आणि १९७४ साली. पाच वेळा तिसरा आला: १९६२, १९६६, १९६९, १९७२ आणि १९७६ साली. म्हणजे आठ वेळा तो पॅरिसच्या विजयमंचावर उभा राहिला. आणि या साऱ्या काळात पिवळी जर्सी त्याच्या अंगास एक दिवसही लागली नाही.

त्याचा जन्म १५ एप्रिल १९३६ रोजी फ्रान्सच्या मध्यभागी असलेल्या क्र्योझ प्रांतात, मास्बारो-मेरिन्या या खेड्याच्या परिसरात झाला. आईबाप दुसऱ्याची जमीन कसणारे. पुढे शिकण्याची हौस असूनही चौदाव्या वर्षी शाळा सोडून त्याला शेतात उतरावे लागले. सक्तीच्या लष्करी सेवेसाठी बोलावणे आले, तेव्हा तो आयुष्यात प्रथम आगगाडीत बसला असे सांगतात; त्या सेवेत त्याला अल्जीरियातही राहावे लागले. परत येऊन त्याने वाढलेले वजन उतरविले, पुन्हा सायकलीवर बसला, आणि १९६० साली 'मर्सिये' या सायकल बनविणाऱ्या कंपनीच्या संघात व्यवसायी सायकलपटू म्हणून दाखल झाला. १९७७ पर्यंत, म्हणजे अठरा हंगाम, तो त्याच संघात राहिला. पुरस्कर्ते बदलले, सहकारी बदलले. पुलिदोरने घर बदलले नाही.

संघाचे व्यवस्थापक आंतोनें मान्य हे स्वतः दोन वेळा टूर जिंकलेले, पांढरा डगला घालून वावरणारे, शिस्तीचे गृहस्थ होते. १९६१ च्या वसंतात इटलीतील मिलान ते सान रेमो या मोठ्या शर्यतीत पुलिदोरच्या सायकलीचे चाक पंक्चर झाले. गडी खचला आणि शर्यत सोडावयास निघाला. मान्य यांनी त्यास पुन्हा रस्त्यावर लावले. आणि ज्या शर्यतीतून तो बाहेर पडत होता, तीच त्याने जिंकली. तेव्हा 'सदैव दुसरा' ही जी उपाधी त्यास पुढे चिकटली, ती घेण्यापूर्वी त्याच्या जमेच्या बाजूकडे पाहणे न्यायाचे होईल. १९६१ साली तो फ्रान्सचा राष्ट्रीय विजेता झाला. १९६४ साली स्पेनची अनेक टप्प्यांची शर्यत त्याने जिंकली. १९७२ साली पॅरिस ते नीस या शर्यतीत, शेवटच्या दिवशी, एझच्या चढावर त्याने एडी मर्क्स या बेल्जियन महारथीस अवघ्या सहा सेकंदांनी मागे टाकले. मर्क्स तेव्हा ऐन भरात होता, आणि पुलिदोरला छत्तिसावे वर्ष सरत आले होते. पुढल्या वर्षी तीच शर्यत त्याने पुन्हा जिंकली. असा माणूस दुबळा म्हणता येणार नाही. त्याच्या पदरी पराभव पडले ते दुबळ्याचे नव्हते; म्हणूनच ते लोकांच्या जिव्हारी लागले.

त्याच्या नशिबी जो प्रतिस्पर्धी आला त्याचे नाव जाक आँकतिल. हा नॉर्मंडीचा. टूर पाच वेळा जिंकणारा पहिला पुरुष: १९५७ साली एकदा, आणि मग १९६१ ते १९६४ लागोपाठ चार वेळा. आँकतिल गोरा, सडपातळ, नीटनेटका. त्याची सायकलीवरची बैठक इतकी स्थिर की वेग दिसत नसे, फक्त घड्याळात उमटे. तो हिशेबाने जिंके. जेवढी सेकंदे लागतील तेवढीच मिळवी, एक अधिक नाही. पुलिदोरचा चेहरा उन्हाने रापलेला, बोलणे साधे, हसू मोकळे. साऱ्या फ्रान्सचे दोन तट पडले. लोकांनी ठरवून टाकले की आँकतिल म्हणजे शहरी, धूर्त, श्रीमंत. आणि पुलिदोर म्हणजे मातीतला आपला माणूस. खरे पाहता आँकतिलचा बापही गवंडीकाम करून पुढे स्ट्रॉबेरीची शेती करणारा साधाच माणूस होता. पण लोक एकदा दोघांना दोन पाटांवर बसवून मोकळे झाले, म्हणजे पाट बदलण्याची तसदी कोणी घेत नाही. पुलिदोरला ते लाडाने 'पुपू' म्हणू लागले. आँकतिलला विजय मिळे, आणि कधी कधी शिट्ट्याही मिळत.

आता १९६४ सालची ती शर्यत. तिची हकीकत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण सारे मर्म तिच्यात आहे.

त्या काळी टप्पा जिंकणाऱ्याच्या एकूण वेळेतून बक्षीस म्हणून एक मिनिट कमी करीत. नववा टप्पा ब्रियांसोंहून मोनाकोस जाणारा होता. शेवट तेथील क्रीडांगणाच्या धावपट्टीवर व्हावयाचा होता. पुलिदोर आघाडीच्या तुकडीत होता. धावपट्टीवर येताच त्याने सर्व बळ एकवटून मुसंडी मारली आणि रेषा ओलांडली. परंतु अजून एक फेरी शिल्लक होती. पुलिदोरने फेऱ्या मोजण्यात चूक केली होती. पुढल्या फेरीत आँकतिल त्यास मागे टाकून पहिला आला, आणि ते एक मिनिट आँकतिलच्या पदरात पडले.

पुढे पिरेनीज पर्वतात आँकतिल एके सकाळी अगदी गळून गेला होता. पुलिदोरला संधी आली होती. पण आँकतिल सावरला, आणि तुलूझ शहर जवळ आले असता पुलिदोरच्याच चाकाचा स्पोक तुटला. सायकल बदलावी लागली. घाईघाईने त्यास पुढे ढकलताना त्याच्याच यांत्रिकाचा जोर इतका झाला, की पुलिदोर कोलमडून पडला. दोन मिनिटांहून अधिक वेळ गेला. दुसऱ्याच दिवशी त्याने डोंगरातला टप्पा एकट्याने जिंकून बरीच भरपाई केली. मग एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याच्या टप्प्यात पुन्हा चाक पंक्चर झाले. अशा रीतीने पडत-सावरत तो १२ जुलै रोजी प्वी द दोमच्या पायथ्याशी पोहोचला. तेव्हा आँकतिलच्या अंगावर पिवळी जर्सी होती, आणि दोघांत अंतर होते अवघ्या ५६ सेकंदांचे.

प्वी द दोम हा विझलेला ज्वालामुखी आहे. उंची सुमारे १,४६५ मीटर. डोंगराच्या अंगाभोवती चक्राकार फिरत रस्ता वर जातो, आणि शेवटचे काही किलोमीटर चढ असा उभा की चाक फिरते की थांबते हे कळू नये. दुतर्फा माणसांची भिंत उभी होती. या चढावर आँकतिल पुलिदोरच्या मागे राहिला नाही, शेजारी राहिला. मागे राहिला असता तर श्रम कमी झाले असते; पण मागे राहणे म्हणजे आपण थकलो हे कबूल करणे. तो खडकाच्या बाजूने, पुलिदोर बाहेरच्या बाजूने, असे दोघे खांद्यास खांदा घासत चढत राहिले. त्या क्षणाचे छायाचित्र फ्रान्समध्ये आजही घरोघरी ओळखतात. आँकतिलच्या अंगात त्राण उरले नव्हते. पण त्याचे सोंग इतके बेमालूम होते की शेजारी असून पुलिदोरला ते उमगले नाही. शेवटचा एक किलोमीटर राहिला असता अखेर आँकतिल मागे पडू लागला, आणि पुलिदोर निघून गेला. शिखरावर घड्याळे पाहिली गेली. पुलिदोरने ४२ सेकंद मिळविले होते. हवे होते ५६. चौदा सेकंद कमी पडले.

दोन दिवसांनी, १४ जुलै रोजी, व्हर्सायहून पॅरिसपर्यंतच्या घड्याळाविरुद्धच्या टप्प्यात आँकतिल पहिला आला आणि बक्षिसासह एकूण ५५ सेकंदांनी टूर जिंकला. सुमारे साडेचार हजार किलोमीटरचा रस्ता, १२७ तासांहून अधिक काळ खोगिरावर, आणि अंतर एका मिनिटाहूनही कमी. मोनाकोच्या धावपट्टीवरचे ते मिनिट वाचकांच्या ध्यानात असेलच.

त्यानंतर दैवाने जणू ठरवूनच टाकले. १९६५ साली आँकतिल शर्यतीत नव्हता. पण ऐनवेळी संघात घेतलेला फेलिचे जिमोंदी हा बावीस वर्षांचा नवखा इटालियन तरुण जिंकून गेला. १९६७ साली स्वतःची संधी हुकताच पुलिदोरने रोजे पेंजों या आपल्याच संघातील सहकाऱ्यासाठी इमानाने राबून त्यास विजयी केले. १९६८ साली शर्यतीसोबतच्या एका मोटारसायकलीची धडक बसून तो जायबंदी झाला. मर्क्सचा काळ आला. १९७३ साली, जेव्हा मर्क्स आला नव्हता, तेव्हा पोर्ते-दास्पे घाटाच्या उतारावर पुलिदोर दरीत कोसळला. त्याच वर्षी हॉलंडमध्ये स्खेवेनिंगन येथे शर्यतीचा लहानसा प्रारंभिक टप्पा झाला होता. तेथे जो जिंकेल त्यास पिवळी जर्सी मिळावयाची होती. पुलिदोर एका सेकंदाहूनही कमी वेळाने हुकला. जर्सी त्याच्या इतक्या जवळ पुन्हा कधी आली नाही.

इतके होऊनही १९७४ साली, अडतीस वर्षांचा असता, त्याने पिरेनीजमधील प्ला दादेच्या चढावर सर्वांस मागे टाकले आणि मर्क्सच्या मागोमाग दुसरा आला. १९७६ साली चाळीस वर्षांचा असता तिसरा आला. या दोन आकड्यांकडे आमचे लक्ष पुनःपुन्हा जाते. दैवाला दोष देत घरी बसण्यास पुरेसे कारण ज्यापाशी बारा वर्षांपूर्वीच जमा झाले होते, असा माणूस चाळिसाव्या वर्षी पुन्हा जुलै महिन्यात घाट चढू लागतो, हे आम्हांस पिवळ्या जर्सीहून कमी वाटत नाही.

येथे एका गोष्टीची कबुली दिली पाहिजे. पराभवाचे कौतुक करण्याचा मोह फार गोड असतो, आणि फ्रेंच लोक त्यास बळी पडले. पुलिदोर स्वतः हे ओळखून होता. जितके आपले दैव फिरले तितके लोकांनी आपल्यावर अधिक प्रेम केले आणि तितके पैसेही अधिक मिळाले, असे तो हसत हसत सांगे. प्रत्येक गावच्या जत्रेतील शर्यतीला त्याला बोलावणे असे. ज्यास हरूनही टाळ्या मिळतात, त्याची जिंकण्याची तहान थोडी मंदावली तर नवल काय? मोनाकोच्या चुकीस दैव म्हणणे हेही थोडे सोयीचे आहे. स्पोक तुटणे हे दैव. फेरी न मोजणे हे दैव नव्हे. आणि उलटपक्षी, आँकतिलने एवढे श्रम, एवढे धैर्य दाखवून पाच वेळा जे मिळविले, त्याबद्दल त्यास मिळाले ते बहुतांशी कोरडे कौतुक. पहिला आला म्हणून माया कमी मिळणे, हाही अन्यायच नव्हे काय?

या दोघांचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. रस्त्यावरचे वैर रस्त्यावरच राहिले. निवृत्तीनंतर ते मित्र झाले. आँकतिलला पोटाचा कर्करोग झाला आणि १९८७ च्या नोव्हेंबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, तो वारला. पुलिदोर पुढे सांगत असे की शेवटच्या भेटीत आँकतिल म्हणाला, वेदना अशा आहेत की दर घटकेला प्वी द दोम चढावा लागतो. आणि मग हसून म्हणाला की मित्रा, याही वेळी तू माझ्या मागून दुसराच येणार. ज्याच्याशी आयुष्यभर झुंजला, त्याच्यापाशीच मरणाच्या दारात अशी थट्टा करता यावी, हा आँकतिलचा मोठेपणा. आणि ती थट्टा ऐकून घेऊन पुढे प्रेमाने सांगत राहावी, हा पुलिदोरचा.

पुलिदोर सें-लेओनार-द-नोब्ला या लहानशा गावी राहिला. दर जुलैत तो टूरबरोबर फिरे. ज्या बँकेकडे पिवळ्या जर्सीचे पुरस्कर्तेपण होते, तिनेच त्यास पाहुण्यांचे स्वागत करण्यास नेमले होते. त्यामुळे म्हातारपणी त्याच्या अंगात पिवळा सदरा असे, पण तो जाहिरातीचा. तो घालून तो हसतमुखाने लोकांस सह्या देई. १३ नोव्हेंबर २०१९ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्याच गावी त्याचे निधन झाले.

परंतु कथा येथे संपत नाही, आणि एकत्र कुटुंबात राहणाऱ्या आमच्या वाचकांस पुढील भाग विशेष जवळचा वाटेल. पुलिदोरच्या कन्येचा विवाह आद्री व्हान देर पूल या डच सायकलपटूशी झाला. या जावयाने १९८४ साली पिवळी जर्सी घातली होती. म्हणजे सासऱ्यास जे लाभले नाही ते जावयास लाभले. त्यांचा मुलगा मातिउ १९९५ साली जन्मला आणि तोही सायकलीवरच वाढला. आजोबा गेल्यानंतर दोन वर्षांनी, २०२१ साली, तो प्रथमच टूरमध्ये उतरला. आरंभी त्याच्या संघाने जांभळ्या-पिवळ्या रंगाची खास जर्सी घातली होती. ती आजोबांच्या जुन्या 'मर्सिये' संघाची आठवण होती.

पहिल्या दिवशी त्याला यश आले नाही. दुसऱ्या दिवशी, २७ जून रोजी, ब्रिटनी प्रांतातील म्यूर-द-ब्रेताञ हा उभा चढ दोन वेळा चढावयाचा होता. मातिउने पहिल्याच वेळी मुसंडी मारली. पाहणारे चक्रावले, कारण शेवट अजून दूर होता. हा मुलगा आजोबांप्रमाणेच फेरी विसरला की काय, असे जुन्या माणसांस वाटले असल्यास नवल नाही. पण तो विसरला नव्हता. चढाच्या माथ्यावर पहिल्या फेरीत पोहोचणाऱ्यास आठ सेकंदांचे बक्षीस होते, आणि पिवळ्या जर्सीसाठी हीदेखील सेकंदे लागणार याचा हिशेब त्याने करून ठेवला होता. ती घेऊन तो थांबला, दम खाल्ला, आणि दुसऱ्या फेरीत पुन्हा सर्वांस मागे टाकून पहिला आला. रेषा ओलांडताना त्याने बोट आकाशाकडे दाखविले. बेरीज झाली, पिवळी जर्सी त्याला मिळाली, तीही आठच सेकंदांनी. बोलता बोलता त्यास रडू कोसळले. आजोबा हे पाहावयास हवे होते, एवढाच त्या रडण्याचा अर्थ होता.

आजोबांनी बक्षिसाचे एक मिनिट फेरी चुकल्याने गमावले. नातवाने बक्षिसाची सेकंदे फेरी मोजून मिळविली. सहा दिवस ती जर्सी त्याच्या अंगावर राहिली. २०२३ साली मिलान ते सान रेमोची शर्यतही त्याने जिंकली. आजोबांनी जिंकली त्यास तेव्हा बासष्ट वर्षे झाली होती. आणि त्याच वर्षी जुलैत, पस्तीस वर्षांच्या खंडानंतर, टूर पुन्हा प्वी द दोमवर गेला. तो टप्पा सुटला तो सें-लेओनार-द-नोब्लाहून, पुलिदोरच्या गावाहून. डोंगरावर आता दात्यांची छोटी आगगाडी चालते आणि रस्ता अरुंद झाला आहे. म्हणून शेवटचे चार किलोमीटर प्रेक्षकांस मज्जाव होता. १९६४ साली जेथे माणसांच्या भिंती उभ्या होत्या, तेथे सायकलींचा आणि श्वासांचाच आवाज होता. त्या दिवशी तो डोंगर चढणाऱ्यांत मातिउही होता.

नातवाने आजोबांचे ऋण फेडले, असे त्या वेळी पुष्कळ वृत्तपत्रांतून म्हटले गेले. वाक्य मोठे मोहक आहे, पण आम्हांस ते पटत नाही. पुलिदोरवर कोणाचे ऋण होते? आणि असलेच, तर ते फेडण्यासाठी नातवाने जन्म घ्यावा काय? आपल्या घरांतून ही चूक फार होते. जे आपल्यास साधले नाही, ते आपण मुलाच्या आणि नातवाच्या दप्तरात न सांगता भरून ठेवतो, आणि ओझे वाहताना तो वाकला की आपणच विचारतो, ताठ का चालत नाहीस? मातिउ रडला तो कर्ज फिटले म्हणून नव्हे. ज्यांना दाखवावयाचे ते माणूस उरले नव्हते म्हणून. या दोन रडण्यांत फार अंतर आहे. पहिल्यात घर म्हणजे वसुलीची कचेरी होते. दुसऱ्यात घर म्हणजे, जो क्रमांक येईल तो घेऊन प्रथम जेथे धाव घ्यावी, असे ठिकाण असते.

असो. ही सारी हकीकत आम्ही गेल्या आठवड्यात रात्रीच्या जेवणानंतर त्या आमच्या दुसऱ्या आलेल्या नातवास सांगितली. मनात प्रायश्चित्ताची भावना होती, हे लपवीत नाही. दुसऱ्या क्रमांकाची थोरवी सांगून मुलाचे समाधान करावे, असा आमचा बेत होता. तो डोळे विस्फारून ऐकत होता. प्वी द दोमच्या चढावर तर त्याने वहिनींचा हात घट्ट धरला. कथा संपल्यावर आम्ही अपेक्षेने त्याच्याकडे पाहिले.

तो जरा विचार करून म्हणाला, "पण आजोबा, त्याने फेऱ्या का नाही मोजल्या?"

आम्ही निरुत्तर झालो. मग तो आपण होऊनच म्हणाला, "माझेही गणितात तसेच झाले. शेवटचे उदाहरण पानाच्या मागच्या बाजूला होते. मी पान उलटलेच नाही."

निकाल लागून इतके दिवस झाले, पण ही गोष्ट त्याने घरात कोणास सांगितली नव्हती. कारण कोणी विचारलीच नव्हती. आम्ही विचारले होते ते पहिला कोण आला एवढेच. वहिनींनी फडताळातून डबा काढला. वैशाखातले पेढे केव्हाच संपले होते. बेसनाचा एक लाडू होता, तो त्याच्या हातावर ठेवला. आणि आम्ही त्याची वही मागून घेतली, ते मागच्या पानावरचे उदाहरण दोघांनी मिळून सोडविण्यासाठी.